शिक्का एक, कारभारी दोन

आमच्या गावाच्या नावामागे कंसात एक अक्षर चिकटलेले आहे. बसच्या पाटीवर, टपालावर, पहाणीच्या उताऱ्यावर, सर्वत्र हळ्ळीखेड (बी). बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, 'हा बी म्हणजे काय?' बी म्हणजे बुद्रुक. मूळ फारसी शब्द बुजुर्ग, अर्थात थोरला. बिदर-गुलबर्ग्याकडे अशी जोडगावे पुष्कळ आहेत. एकाच्या मागे (बी), त्याच नावाच्या दुसऱ्याच्या मागे (के), म्हणजे खुर्द, धाकटा. दप्तरात घोटाळा होऊ नये म्हणून जुन्या कारकुनांनी केलेली ही सोय. नाव एकच, गावे दोन, आणि त्यांत वडीलकी कोणाची हे कागदावर आधीच ठरलेले. निजामी राजवट १९४८ साली गेली, १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात आला, कचेरीत उर्दूच्या जागी कानडी आली. कंसातले अक्षर मात्र जागचे हलले नाही.

या महिन्याचा आपला विषय संगणकाचा आहे, आणि त्याचे मर्म या कंसातल्या अक्षरात आहे असे म्हटले तर वाचकांना थोडे नवल वाटेल. पण 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता आपल्या कोणत्याच घराला परके राहिलेले नाही. पेन्शनीसाठी अंगठा लावायला आलेली म्हातारी, खताच्या दुकानी रांगेत उभा असलेला शेतकरी, परीक्षेचा निकाल पाहू इच्छिणारी मुलगी, सर्वांनी ते ऐकलेले असते. ऐकणारा निमूटपणे घरी परततो. त्याच्या मनात येते, एवढा मोठा कारभार, आणि यंत्र एकच ठेवले असेल काय? दुसरे ठेवायला काय झाले होते?

याचे उत्तर असे की दुसरे यंत्र बहुधा असतेच. अडचण दुसरे यंत्र नसण्याची क्वचितच असते. पहिले पडले हे दुसऱ्याने ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर कारभार हाती घ्यायचा कसा, यात सारी ग्यानबाची मेख आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना-जावई बंगळूर, हैदराबाद, पुणे येथे याच कामावर आहेत. रात्री अडीच वाजता मुलाचा फोन वाजतो, तो डोळे चोळीत संगणक उघडतो, घटकाभराने 'काही नाही आई, फेलओव्हर झाला' म्हणतो आणि पुन्हा आडवा होतो. ज्या शब्दापायी मुलाची झोप मोडते तो शब्द आईला ठाऊक असू नये, हे काही बरे नव्हे.

निजामाच्या अमलात आमच्याकडे तहसीलदाराच्या हाताखाली नायब तहसीलदार असे. (हल्ली कर्नाटकात त्याला उपतहसीलदार म्हणतात, म्हातारी माणसे अजून नायबच म्हणतात.) तहसीलदार आजारी पडले की नायब कारभार पाही. रयतेला त्याचे सोयरसुतक नसे. रयत ओळखी ती कचेरी आणि कचेरीचा शिक्का. कागदावर शिक्का उमटला की काम झाले. तो उमटवणारा हात कोणाचा होता हे कोणी विचारीत नसे.

संगणकाच्या जाळ्यात शिक्क्याच्या जागी एक क्रमांक असतो. प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक असतोच. पण लोकांना तो दिला तर यंत्राबरोबर क्रमांकही मरतो. म्हणून युक्ती अशी केली की एक तिसराच क्रमांक काढायचा, जो कायमचा कोणत्याच यंत्राचा नाही. लोकांना तेवढा एकच सांगायचा. ज्याच्याकडे कारभार, त्याच्याकडे तो क्रमांक. इंग्रजी पारिभाषिकात त्याला व्हर्च्युअल आयपी म्हणतात. आपण त्याला शिक्का म्हणू.

आता प्रश्न नायबाचा. साहेब गेले हे त्याला कळायचे कसे? पूर्वी घोडेस्वार निरोप आणी. जो स्वतःच पडला आहे त्याने 'मी पडलो' असा निरोप धाडावा ही अपेक्षा मात्र व्यर्थ आहे. म्हणून इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी रीत उलटी केली. १९९८ साली त्यांनी एक नियमावली प्रसिद्ध केली. तिचे लांबलचक नाव व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल, बोलण्यात व्हीआरआरपी. तीत असे ठरले की ज्याच्या हाती शिक्का आहे त्याने दर सेकंदाला एक हाक द्यायची: 'मी आहे.' बाकीच्यांनी बोलायचे नाही, फक्त ऐकायचे. हाक येते आहे तोवर सर्व क्षेम. हाक थांबली की समजायचे. २०२४ साली या नियमावलीची नवी आवृत्ती निघाली. तीत शिक्का बाळगणाऱ्याला 'मास्टर' म्हणणे सोडून 'ॲक्टिव्ह' म्हणू लागले आहेत. नावे बदलली तरी हाक तीच आहे.

एखादी हाक चुकली म्हणून लगेच धाव घ्यायची नाही. वाऱ्याने शब्द हरवतो तशी जाळ्यातही हाक हरवते. तीन हाकांइतका वेळ थांबायचे, आणि वर थोडे. हे 'वर थोडे' मोठे मजेचे आहे. प्रत्येक यंत्राला १ ते २५४ यांपैकी एक अग्रक्रम दिलेला असतो, थोरल्याला मोठा आकडा, धाकट्याला लहान. २५६ मधून तो आकडा वजा करायचा आणि बाकीला २५६ ने भागायचे. येईल तो सेकंदाचा अंश. ज्याचा अग्रक्रम १५० त्याने ३ सेकंदांवर सुमारे ०.४ सेकंद थांबायचे. ज्याचा १०० त्याने सुमारे ०.६. परिणाम असा की वाट पाहणारे अनेक असले तरी त्यांतला बुजुर्ग अंमळ आधी उठतो, त्याची हाक बाकीच्यांच्या कानी पडते आणि ते पुन्हा स्वस्थ बसतात. भांडण नाही, मतदान नाही. बुद्रुक कोण आणि खुर्द कोण हे कंसात आधीच लिहिलेले असते.

आणखी दोन बारकावे सांगतो. साहेब रीतसर रजेवर निघाले तर जाताना शून्य अग्रक्रमाची हाक देतात; तिचा अर्थ 'मी निघालो, वाट पाहू नका'. मग नायब तीन सेकंद थांबत नाही, सेकंद पुरा होण्याच्या आत शिक्का उचलतो. दुसरे असे की प्रत्येक हाकेवर २५५ हा आकडा असावा लागतो. निरोप एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात गेला की तो आकडा एकाने घटतो. म्हणून ज्या हाकेवर २५४ किंवा त्याहून कमी दिसेल ती शेजारच्या आळीतून कोणी खोडसाळाने मारलेली समजून सोडून द्यायची. हे सुचले त्याच्या डोक्याची तारीफ करावी वाटते.

लिनक्स यंत्रांवर हे सर्व सांभाळणारा जो कार्यक्रम सर्वाधिक वापरला जातो त्याचे नाव कीपअलाइव्हड. फ्रान्समधील अलेक्सांद्र कासेन यांनी तो या शतकाच्या आरंभी लिहिला आणि सर्वांसाठी फुकट खुला ठेवला. जगभर असंख्य कचेऱ्यांचे शिक्के त्याच्या हाकेवर एका हातातून दुसऱ्या हातात जातात, आणि त्याचे नाव घरात कोणी ऐकलेले नसते.

इथवरचा भाग सोपा. आता तो कंटेनरचा भाग, ज्याने अलीकडे या सोप्या गोष्टीला फाटे फुटले आहेत.

२०१३ साली डॉकर नावाचे साधन पुढे आले आणि पाहता पाहता सगळा संगणक-व्यवसाय कंटेनरमध्ये शिरला. कंटेनर म्हणजे काय हे वाड्यात राहिलेल्या माणसाला चटकन समजेल. पूर्वी प्रत्येक कामाला स्वतंत्र यंत्र, म्हणजे स्वतंत्र घर, लागे. आता एकाच वाड्यात बिऱ्हाडे असतात. प्रत्येक बिऱ्हाडाला आपले दार, आपली चूल, आपली भांडीकुंडी. एकाचा पसारा दुसऱ्याला दिसत नाही. पाया मात्र एकच. लिनक्सचा जो गाभा आहे तो सर्व बिऱ्हाडांच्या खाली सामायिक असतो. बिऱ्हाड हलवायचे झाले तर सामानासकट उचलून दुसऱ्या वाड्यात नेता येते, आणि तिथेही भिंतीवरचे कॅलेंडर त्याच खिळ्याला लटकते. ही सोय इतकी मोठी की लोकांनी सर्व काही बिऱ्हाडात घातले. मग कोणाच्या तरी मनात आले, पहारेकरीही बिऱ्हाडातच ठेवू या.

तेथे अडते. पहारेकऱ्याचे सारे काम कानाचे, आणि बिऱ्हाडाची सारी भिस्त जाड भिंतीवर.

माझा भाचा हैदराबादेला याच उद्योगात आहे. दिवाळीला तो आजोळी आला तेव्हा मी त्याला म्हटले, 'मला हे डोळ्यांनी दाखव.' त्याने दोन जुने लॅपटॉप माजघरात मांडले. दोहोंवर घरखर्चाच्या वहीचे एक पान चढवले, दोहोंवर कीपअलाइव्हड बसवला, आणि तो सुरुवातीला बिऱ्हाडाबाहेर, थेट यंत्रावर. थोरल्याला अग्रक्रम १५०, धाकट्याला १००. शिक्का म्हणून १९२.१६८.१.५० हा क्रमांक. फोन त्याच्या मामीच्या हातात दिला आणि तिला सांगितले की फक्त वही चाळत राहा. मग थोरल्याची तार उपटली. वही क्षणभर अडली. मी मनात एक, दोन, तीन म्हणालो, आणि चार पुरे व्हायच्या आत पान पुन्हा उघडले. मामीला विचारले, काही कळले का? म्हणाली, 'अंमळ अडकले, आपल्याकडचे नेट नेहमी अडकते तसे.' हीच खरी पावती.

मग त्याने दोन्ही पहारेकऱ्यांना कंटेनरात घातले, डॉकर आपण होऊन जशी मांडणी करतो तशाच मांडणीत. आणि वही उघडेनाशी झाली. दोन्ही लॅपटॉपवर पाहिले तर दोघेही लिहून सांगत होते की शिक्का माझ्याकडेच आहे! याचे कारण असे. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक बिऱ्हाडाला वाड्याच्या आतला एक खाजगी क्रमांक मिळतो, बहुधा १७२.१७ ने सुरू होणारा. पहारेकऱ्याची हाक २२४.०.०.१८ या सार्वजनिक चावडीवर जायची असते. ती बिऱ्हाडाच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही, आणि बाहेरची हाक आत येत नाही. दोघांनाही वाटले की आपण एकटेच उरलो. दोघांनीही शिक्का उचलला, पण लावला तो आपापल्या आतल्या खोलीच्या दाराला. दोघे शपथेवर सांगत होते, आणि कचेरीच्या दरवाजावर शिक्का कोणाचाच नव्हता.

'आता उपाय?' मी विचारले.

'मामा, पहारेकऱ्याला रस्त्याकडची खोली द्यायची,' तो म्हणाला.

म्हणजे असे की कंटेनरला यजमान यंत्राचेच जाळे वापरू द्यायचे, वेगळे द्यायचे नाही. तेवढ्यानेही भागत नाही. यंत्राच्या दाराला नवा क्रमांक लावणे हा यजमानाचा अधिकार. भाडेकरूला तो मुद्दाम द्यावा लागतो. डॉकरच्या भाषेत नेट-ॲडमिन, नेट-रॉ आणि नेट-ब्रॉडकास्ट अशा तीन किल्ल्या आहेत, त्या द्यायच्या. पुष्कळ जण कंटाळून 'प्रिव्हिलेज्ड' असे लिहितात, म्हणजे सगळ्या वाड्याचा जुडगाच त्याच्या हाती. काम होते, पण चोर त्या खोलीत शिरला तर तिजोरीपर्यंत मोकळी वाट. तीन किल्ल्यांचे काम असता जुडगा देणाऱ्याला आमच्या आजीने घरात ठेवले नसते.

पायाची कामेही भाडेकरूला करता येत नाहीत. कीपअलाइव्हडकडून आलेली कामे अनेक यंत्रांत वाटून देण्याचे कामही घ्यायचे असेल तर लिनक्सच्या गाभ्यात आयपीव्हीएस नावाचा भाग आधी यजमानाने जागा करून ठेवावा लागतो. तसेच जे दुकान शिक्क्याच्या क्रमांकावर उघडायचे, ते नायबाच्या यंत्रावर शिक्का नसतानाही तयारीत बसलेले असावे, नाहीतर शिक्का हाती आल्यावर दुकानाची फळी उघडण्यातच वेळ जायचा. त्यासाठीही यजमानाच्या बाजूने 'जो क्रमांक अद्याप आपला नाही त्यावर बसण्यास हरकत नाही' अशी परवानगी लिहावी लागते. आणि भाड्याच्या मेघावर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडमध्ये, चावडीवरची हाक सहसा चालतच नाही. तेथे दोघांना एकमेकांचे पत्ते देऊन थेट हाका मारायला सांगतात.

हे सर्व केल्यावर वही पुन्हा चालू झाली. भाचा म्हणाला, 'आता जे दाखवतो त्यासाठी लोक रात्री उठतात.'

त्याने थोरल्या लॅपटॉपवरचा पहारेकऱ्याचा कंटेनर एका आज्ञेने ठार केला. यंत्र चालू, तार जोडलेली, वहीचे पान जागे, फक्त पहारेकरी मेला. हाक थांबली. तीन पूर्णांक सहा दशांश सेकंदांनी धाकट्याने शिक्का उचलला आणि रिवाजाप्रमाणे सर्व जाळ्याला ओरडून सांगितले की हा क्रमांक आता माझ्या दारी. सगळे यथास्थित वाटले. मामीने दुधाचा हिशेब लिहिला. मग भाच्याने तिचा फोन वाय-फायपासून तोडून पुन्हा जोडला आणि वही उघडायला सांगितली. दुधाचा हिशेब नाहीसा! पुन्हा तोडले, जोडले. हिशेब परत दिसला.

झाले होते ते असे. पहारेकरी अकस्मात मेला, पण त्याने लावलेला शिक्का यजमानाच्या दारावर तसाच राहिला. खोली रस्त्याकडची दिली म्हणजे दार यजमानाचे. भाडेकरू मेला तरी यजमानाचे दार कोणी पुसत नाही. पहारेकरी बंद खोलीत असता तर खोलीबरोबर शिक्काही गेला असता. आता एकच क्रमांक दोन दारांवर. फोनने विचारले, 'हा कोणाकडे?' दोघेही 'माझ्याकडे' म्हणाले, आणि ज्याचे उत्तर हाती लागले त्याच्या वहीत नोंद झाली. या व्याधीला इंग्रजीत 'दुभंगलेला मेंदू' अशा अर्थाचे नाव आहे, स्प्लिट ब्रेन. काम थांबले तर रांगेतला माणूस घरी जातो आणि उद्या येतो. दोन शिक्के झाले तर कोणीच घरी जात नाही, सर्वांची कामे झाल्यासारखी दिसतात, आणि जमा एका वहीत नि खर्च दुसऱ्या वहीत पडत राहतो. माजघरात तो दुधाचा हिशेब होता. पतपेढीत तो कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा पैसा असेल.

यावर उतारे आहेत. कंटेनर थांबवायचा तर ठार न करता 'थांब' म्हणून सांगावे. डॉकर तसे सांगून १० सेकंद वाट पाहतो आणि मगच जीव घेतो. तेवढ्या अवधीत कीपअलाइव्हड शून्याची हाक देऊन शिक्का उतरवतो. मात्र तो कंटेनरातला पहिला माणूस असला पाहिजे. पुष्कळदा त्याला एका छोट्या आज्ञापत्राच्या मागे उभा करतात. 'थांब' ही सूचना त्या पुढच्याच्या कानी पडते, तो ती मागे पोचवत नाही, आणि १० सेकंदांनी दोघेही न सांगता जातात. काही जण म्हणूनच पहारेकरी नव्याने जागा होताच आधी दारावरचा जुना शिक्का खरवडून काढण्याची आज्ञा लिहून ठेवतात. शिवाय पहारेकऱ्याने नुसते स्वतः जिवंत आहोत एवढेच पाहून भागत नाही. दुकान शेजारच्या खोलीत. ते केव्हाच बंद पडले असेल आणि हा इमानाने दर सेकंदाला 'मी आहे' म्हणत बसला असेल. त्याला दर थोड्या वेळाने दुकानाचे दार ठोठावून पाहायला लावावे, आणि उत्तर आले नाही तर त्याचा अग्रक्रम आपोआप घटावा, अशी सोय असते. ती न करणारे आढळतात.

थोरला बरा होऊन परतला की शिक्का त्याला लगेच द्यावा काय, हाही वादाचा मुद्दा. मूळ नियम म्हणतो, द्यावा. सासूबाई इस्पितळातून आल्या की किल्ल्या त्यांच्याकडे! पण थोरल्याची प्रकृती खालीवर होत असेल तर दर दहा मिनिटांनी शिक्का इकडून तिकडे जातो आणि प्रत्येक खेपेस गिऱ्हाईक अडते. म्हणून अनुभवी माणसे 'परत मागू नये' असे लिहून ठेवतात. जो चालवतो आहे त्याला चालवू द्यावे. अदलाबदल निवांत वेळी, माणसाने पाहून करावी.

मी भाच्याला विचारले, 'भिंतीला खिडकी पाडली, किल्ल्या दिल्या, पाया यजमानाने बांधला, आणि मेल्यावर दारही यजमानालाच पुसायचे; मग बिऱ्हाड उरले कशात?' तो हसला. म्हणाला, 'सामान बांधण्यात, मामा. दोनशे यंत्रांवर हाच पहारेकरी याच आवृत्तीत, याच खिळ्याला टांगलेला हवा असेल तर कंटेनरच बरा.' ते मला पटते. परंतु यंत्रे दोनच असतील तर पहारेकरी सरळ ओसरीवर बसवावा, असे माझे मत झाले आहे, आणि त्याच्याही काही वरिष्ठांचे तेच आहे.

हे सगळे लहानांसाठी झाले; मोठ्यांकडे पैसा असतो, माणसे असतात, त्यांचे कशाला अडेल, असे वाटणे साहजिक आहे. मुंबईचे उदाहरण त्यासाठी पाहण्यासारखे आहे. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. वांद्रे-कुर्ला संकुलातील राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी सर्व व्यवहार थांबवले. दुसऱ्याच दिवशी महिन्याच्या वायदे-सौद्यांची अखेर होती. लोकांचे सौदे अर्धे उभे, अर्धे आडवे. काही दलालांनी आपल्या गिऱ्हाइकांचे सौदे जवळच्या मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले. पुढे भाव चढले, सेन्सेक्स त्या दिवशी हजारावर अंशांनी वाढून बंद झाला, आणि ज्यांचे सौदे असे मिटले त्यांच्या पदरी नुकसान आले. एनएसई पुन्हा उघडला तो दुपारी पावणेचारला, आणि चालला पाच वाजेपर्यंत. मध्ये चार तास गेले.

एनएसईकडे दुसरे केंद्र नव्हते काय? होते. जवळ एक आणि दूर चेन्नईला एक. तारा एका कंपनीच्या होत्या काय? नाही, दोन कंपन्यांच्या, प्रत्येकीच्या अनेक. पुढे मार्चमध्ये बाजाराने जो खुलासा केला त्यानुसार दोन्ही कंपन्यांच्या तारा डळमळीत झाल्या होत्या आणि त्याचे कारण रस्त्यावरचे खोदकाम-बांधकाम. त्या डळमळण्याने माहिती साठवणारी यंत्रणा अनपेक्षित वागली, आणि जोखीम मोजणारी यंत्रणा हाती येईना. खुद्द सौदे लावणारी यंत्रणा ठणठणीत होती! पण जोखीम न मोजता सौदे करू देणे म्हणजे वजनकाट्यावाचून बाजार भरवणे. म्हणून बाजार बंद करावा लागला.

आमच्या माजघरातल्या नायबाला ३.६ सेकंद लागले आणि मुंबईला चार तास, म्हणून हसण्याचे कारण नाही. आम्ही तार उपटली होती. मरण स्पष्ट होते. तेथे थोरला मेला नव्हता, ग्लानीत होता. हाक येई, थांबे, पुन्हा येई. अशा वेळी शिक्का उचलावा तर दोन शिक्क्यांची भीती, न उचलावा तर रांग ताटकळते, आणि हा निर्णय कोणताही पहारेकरी-कार्यक्रम एकट्याने घेऊ शकत नाही. माणसे एका टेबलाभोवती बसतात आणि घड्याळ पुढे सरकते. सेबीने म्हणूनच पुढच्या महिन्यात घड्याळालाच नियम घातला. महत्त्वाची यंत्रणा बिघडली तर ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करायचे. ग्लानीचे निदान करीत बसायला अर्ध्या तासाची मुदत, त्यापुढे नाही.

नियम कागदावर राहू नये म्हणून पुढे तालीमही झाली, आणि ती खऱ्या पैशांनिशी. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ हे दोन्ही शनिवार, बाजाराच्या सुटीचे. त्या दिवशी सकाळचे पहिले सत्र मुख्य केंद्रातून चालवले, मग मध्यंतर घेऊन दुसरे सत्र पर्यायी केंद्रातून. कित्येक वाचकांनी त्या शनिवारी समभाग घेतले-विकले असतील आणि मधल्या वेळात शिक्का एका गावाहून दुसऱ्या गावी गेला हे त्यांच्या ध्यानातही आले नसेल.

आता रात्रीच्या फोनचे तेवढे राहिले. नायब तीन-चार सेकंदांत आपण होऊन कारभार घेतो, तर मुलाला उठवायचे कशाला, असे कोणतीही आई विचारील. भाच्याच्या आजीने त्याला तेच विचारले. त्याने सांगितले ते असे: फोन वाजतो तेव्हा गिऱ्हाइकाचे काम चालूच असते. पण त्या घटकेपासून नायबाला नायब नसतो. थोरला का पडला ते शोधून, त्याच्या दारावर जुना शिक्का राहिला नाही ना हे आधी पाहून, त्याला पुन्हा ऐकत बसवायचे, एवढेच त्या रात्रीचे काम. आणि हे होईपर्यंत जर धाकट्याची तार सुटली तर सकाळी काउंटरवरचा कारकून ते तीन शब्दांचे वाक्य म्हणणार.

भाऊबीजेच्या रात्री त्याचा फोन एकदा वाजला. तो माजघरात बसून चारपर्यंत काहीबाही टंकीत होता. आजीने उठून चहा केला. सकाळी मी विचारले, शिक्का थोरल्याला परत दिला का? म्हणाला, 'नाही मामा, गिऱ्हाईक कमी असते रविवारी. रविवारी देईन.'